छायाचित्रांचे कृशीकरण

सरकारदरबारी अमक्याचे वजन किती, हा प्रश्न पूर्वी लाक्षणिक अर्थाने विचारला जात असे. ज्याचा मामा कचेरीत अव्वल कारकून आणि ज्याचा साडू वनखात्यात रेंजर, त्याचे वजन अधिक. आणि ज्याला दरखास्तीचा मसुदा करून घेण्यासाठी तहसिलीच्या आवारातील कडुनिंबाखाली बसणाऱ्या अर्जनविसाच्या विनवण्या कराव्या लागत, त्याचे वजन कमी, असा साधारण हिशेब असे. आता तोच प्रश्न शब्दशः विचारला जातो, त्याचे उत्तर केबी नामक मापात द्यावे लागते, आणि वजन अधिक भरल्यास इसम मामा-साडूंसह दाराबाहेर थांबविला जातो, एवढी प्रगती आपण निश्चितपणे केली आहे.

बल्लारपुरात हा फरक विशेष उठून दिसतो, कारण वजनमापांची या गावाला फार जुनी सवय आहे. गोंड राजांनी चंद्रपुरास राजधानी नेण्यापूर्वी येथे, वर्धा नदीच्या काठी, आपले ठाणे केले. इंग्रजी अमलात जमिनीखालचा कोळसा वर येऊ लागला आणि टनांचा हिशेब सुरू झाला. भोवतालच्या रानातला सागवान येथल्या डेपोत येऊन घनमीटरांत मोजला जाऊ लागला, आणि त्याची ख्याती एवढी वाढली की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली येथूनच लाकूड वाजतगाजत रवाना झाले. या सर्वांवर कळस म्हणजे थापर उद्योगसमूहाने १९४५ साली स्थापन केलेला येथील कागदाचा कारखाना. या कारखान्यातून निघालेल्या कागदावर कितीएक कचेऱ्यांनी हुकूम काढले, कितीएक अर्जदारांनी स्मरणपत्रे धाडली, आणि नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या कितीएक तरुणांनी आपली योग्यता ‘एक्झिक्युटिव्ह बाँड’वर टंकलिखित करून तिला पुठ्ठ्याचा कणखरपणा आणला. त्याच गावातल्या तरुणाला आज कागदावर अर्ज करण्याची मुभा उरलेली नाही. त्याने स्वतःस प्रथम प्रकाशात रूपांतरित करावे, मग त्या प्रकाशाचे वजन घटवावे, आणि ते वीस व पन्नास केबींच्या दरम्यान बसल्याची खातरजमा करून मगच शासनाच्या दृष्टीस पडावे, असा जाबता आहे.

हा विधी जेथे पार पडतो ती ऑनलाइन अर्जांची केंद्रे आता गल्लोगल्ली झाली आहेत. एक संगणक, एक झेरॉक्स यंत्र, लॅमिनेशनचा वास, भिंतीवर निरनिराळ्या दाखल्यांची दरपत्रके, आणि कोपऱ्यात पांढरा पडदा. पडद्याजवळच्या खिळ्यावर काळा कोट टांगलेला असतो, आणि मे महिन्यात, पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात असता, वनरक्षकाच्या किंवा पोलीस शिपायाच्या भरतीचा अर्ज भरण्यास गोंडपिपरी-पोंभुर्ण्याकडून आलेला प्रत्येक उमेदवार तो पाच मिनिटांपुरता अंगात घालून, पुढल्या उमेदवाराकरिता थोडा अधिक ओला करून परत टांगतो. केंद्रचालक हा बहुधा पंचविशीचा, कानावर पेन आणि डोळ्यांत जागरण असलेला तरुण. सर्व्हर पहाटे बरा चालतो, या अनुभवसिद्ध सिद्धांतामुळे त्याची झोप केव्हाच गेलेली असते.

अशा एका केंद्रात, पेन्शनच्या कसल्याशा कामासाठी आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याचा आणि चालकाचा संवाद माझ्या कानी पडला.

“काकाजी, फोटो पाच एमबीचा आहे तुमचा. पोर्टल नाही घेऊन राहिलं.”

“मंग कमी कर ना बापा काही.”

“काय कमी करू?”

“मागचा पडदा काढून टाक. तोंड राहू दे.”

बाकावरची पोरे हसली. परंतु काकाजींच्या म्हणण्यातील शास्त्रशुद्धता त्यांच्या ध्यानी आली नाही. छायाचित्राचे वजन हे खरोखरच त्यातील तपशिलाचे वजन असते. सपाट पांढरा पडदा जवळजवळ फुकट साठविला जातो. खर्च होतो तो दाढीच्या खुंटांवर, चौकड्यांच्या शर्टावर आणि कपाळावरच्या आठ्यांवर. काकाजींच्या मागे पडद्याऐवजी चुकून खिडकी आणि तीतून दिसणारे चिंचेचे झाड आले होते, आणि त्या झाडाच्या पानापानाचा हिशेब ठेवता ठेवता फाइल फुगली होती. झाड गेले, पडदा आला, उरलेले मोजमाप उतरविले, आणि काकाजी पंचेचाळीस केबींत सुखरूप बसले.

नियमांची गंमत अशी की ते केवळ स्थूलांचे शत्रू नाहीत, कृशांचेही आहेत. बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस संस्थेला छायाचित्र २० ते ५० केबींचे लागते, २०० बाय २३० ठिपक्यांचे असल्यास अधिक बरे; सहीला १० ते २० केबींची मुभा. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर छायाचित्र ५ ते २० केबींचे, रुंदी नेमकी १६० ठिपके. परंतु सोबतचे दस्तऐवज मात्र ७५ केबींहून कमी नकोत आणि ५०० हून अधिक नकोत. तेव्हा जो अर्जदार उत्साहाच्या भरात आपले शिधापत्रक साठ केबींपर्यंत आटवून आणतो, त्याला पुन्हा खुराक देऊन ते फुगवावे लागते. “भाऊ, केबी वाढवून द्या” ही मागणी मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. जगातील पहिले अंकीय छायाचित्र १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे केले. ते १७६ बाय १७६ ठिपक्यांचे होते, आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढीच नोंद ठेवावयाची म्हटल्यास त्याचे वजन चार केबींच्याही आत राहते. म्हणजे अंकीय छायाचित्रणाचा हा मूळपुरुष आज आमच्या कोणत्याही केंद्रावर आला, तर ‘किमान मर्यादेपेक्षा लहान’ असा लाल शेरा घेऊन परत जाईल.

बँकांच्या त्या अर्जात डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसाही मागतात, तोही २० ते ५० केबी. ज्या बापाने स्वतः आयुष्यभर अंगठा उमटवून पोराला शाळेत घातले, आणि ते पोर बी. कॉम. झाले तेव्हा घरातून अंगठा कायमचा हद्दपार झाला असे समजून पेढे वाटले, त्याच्या डोळ्यांदेखत पदवीधर चिरंजीव शाईच्या डबीत अंगठा बुडवितात. बापाच्या अंगठ्याला निदान वजनाची अट नव्हती.

आता हे वजन घटते तरी कसे? बहुतेकांची समजूत अशी की संगणक छायाचित्राला दाबून लहान करतो, गादीच्या कापसासारखे. तसे काही होत नाही. जेपेग नावाची जी पद्धत १९९२ साली प्रमाणभूत ठरली, ती छायाचित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते, आणि प्रत्येक चौकोनात प्रकाशाचे संथ चढउतार किती व द्रुत चढउतार किती याचा ताळा मांडते. माणसाच्या डोळ्याला संथ फरक स्वच्छ दिसतो, बारीक वळवळ फारशी दिसत नाही. उजेड-अंधार कळतो तितके रंगातले सूक्ष्म भेद कळत नाहीत. मग जे तुम्हांला दिसणारच नव्हते ते निमूटपणे वगळले जाते.

या ताळ्याच्या मुळाशी जे गणित आहे, त्याचे जनक नासिर अहमद हे बंगळुरात जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन केलेले गृहस्थ. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानाचा रीतसर अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. परीक्षकांपैकी एकाला तर कल्पना फारच सोपी वाटली. अहमदांनी पुढल्या वर्षीचा उन्हाळा पगाराविना त्याच कामात घालविला, आणि १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह तो निबंध प्रसिद्ध केला. आज पृथ्वीवरील कोट्यवधी अर्ज ज्या गणिताच्या कृपेने मंजूर होतात, त्या गणिताचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला होता, ही हकीकत प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी लावावयास हरकत नाही.

बल्लारपूरकराला हे तत्त्व कळण्यासाठी गणिताची गरज नाही. त्याने कागदाचा लगदा पाहिलेला असतो. बांबूच्या चिपा रसायनांत शिजविल्या की त्यातले लिग्निन विरघळून जाते, जवळजवळ निम्मे वजन नाहीसे होते, आणि जो तंतू उरतो त्याचाच कागद बनतो. गेलेले लिग्निन परत घालून बांबू उभा करता येत नाही. छायाचित्राचे तसेच आहे. शिवाय रद्दीपासून पुन्हा कागद करावा, त्याची रद्दी होऊन पुन्हा करावा, तर दर खेपेस तंतू आखूड होत जातो. तद्वत् एकदा आटविलेले छायाचित्र उघडून, त्यात फेरफार करून पुन्हा साठविले, त्याच्यावर पुन्हा कात्री चालविली, की दर खेपेस थोडे थोडे सत्त्व जाते. म्हणून अस्सल जपून ठेवावे आणि जे काय हाल करावयाचे ते नकलेचे करावेत. हा दप्तरदारीचा जुनाच दंडक आहे; परंतु भ्रमणध्वनीच्या मालकांना दप्तरदारीचे वळण कोणी लावलेले नाही.

दुसरी गोष्ट मापाची. हल्लीच्या साध्या भ्रमणध्वनीतूनही ४००० बाय ३००० ठिपक्यांचे, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे चित्र निघते. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग जसेच्या तसे नोंदले तर छत्तीस एमबी. जेपेगच्या कृपेने ते तीन-चार एमबींवर येते. पाहणाऱ्याच्या हातातील काचेला यातील फार थोडे ठिपके लागतात. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की ठिपके चौथाईवर येतात, एवढा अपूर्णांक चौथीच्या मुलालाही येतो. तरी लोक मापाला हात न लावता केवळ ‘क्वालिटी’ उतरवीत जातात, आणि एक कोटी वीस लाख गढूळ ठिपके एकमेकांस पाठवितात. माझे स्पष्ट मत असे की आधी माप उतरवावे. बाराशे ठिपक्यांच्या रुंदीत कोणाच्याही मावशीची ओळख पटते. दर्जा त्यानंतर, आणि तोही जपून, ऐंशीच्या आसपास ठेवावा.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गुरुजींच्या घरी नुकतेच कार्य झाले. लग्नाच्या छायाचित्रकाराने पेन ड्राइव्हमध्ये जी रास दिली, तीतले एकेक चित्र आठ-दहा एमबींचे. त्यात वधूवर होतेच, परंतु हारातल्या झेंडूची पाकळीन् पाकळी आणि व्याह्यांच्या कानातील केसही सुस्पष्ट होते. गुरुजींनी टोरांटोतल्या पुतण्यास त्यांतली निवडक सहा एका ई-पत्रासोबत धाडली, आणि थोड्याच वेळात मेलर डेमन या स्वाक्षरीचे एक इंग्रजी पत्र त्यांस आले. गुरुजी पत्रव्यवहारात चोख. त्यांनी तत्काळ उत्तर लिहिले: “मा. डेमन साहेब यांस, सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. सोबतची छायाचित्रे खाजगी व कौटुंबिक स्वरूपाची असून आक्षेपार्ह काही नाही, तरी ती पुढे रवाना करण्याची तजवीज व्हावी.” डेमन साहेबांकडून याही पत्राचे उत्तर आले, आणि ते आधीच्याइतकेच रुक्ष होते. मेलर डेमन हा कोणी अधिकारी नसून पत्र परत करणारे यंत्र आहे, हे त्यांना पटविण्यात माझी एक सायंकाळ गेली. “तरी सही करतो ना?” हा त्यांचा आक्षेप शेवटपर्यंत कायम राहिला.

दोष डेमन साहेबांचा नव्हता. ई-टपालाचा मार्ग मुळात साध्या अक्षरांसाठी बांधलेला; चित्रे त्यातून न्यावयाची तर तीन बाइटांची चार अक्षरे करून न्यावी लागतात, आणि त्यामुळे कोणतेही पुडके वाटेत एकतृतीयांशाने वाढते. अठरा एमबींचे पुडके निघाले की चोवीसचे होते. गुरुजींचे पन्नासच्या वर होते ते सत्तरीच्या घरात गेले, आणि पुतण्याच्या टपालपेटीची मर्यादा पंचवीस. मी ती सहा चित्रे बाराशे ठिपक्यांवर आणली. सर्व मिळून दीड एमबीदेखील भरली नाहीत. पुतण्याचे उत्तर आले की फोटो छान आहेत. व्याह्यांच्या कानातील केस दिसत नाहीत, अशी तक्रार त्याने केली नाही.

ज्यांना ई-टपालाचा त्रास नको ते व्हॉट्सॲपकडे वळतात. तेथे हे कृशीकरण न मागता घडते, आणि म्हणूनच जाणकार माणूस “डॉक्युमेंट म्हणून पाठव जी, नाहीतर फाटते” असे बजावतो. चित्रातील चौकोन उघडे पडू लागले की ते ‘फाटते’. हा शब्द आमच्या केंद्रांतून इतका रुळला आहे की फोटोला सुईदोरा लावण्याचीच काय ती बाकी आहे.

परंतु फाटण्याची परमावधी पाहावयाची तर चंद्रपूर जिल्ह्यातला वाघ पाहावा. ताडोबात नव्हे, समूहांवर. ताडोबाच्या रानात एका हौशी छायाचित्रकाराने हातभर लांब भिंगातून एखादे नामांकित चित्र काढलेले असते. पहिला रसिक ते साठवितो, दुसरा त्याचा स्क्रीनशॉट घेऊन बॅटरीच्या खुणेसह स्टेटसला लावतो, तिसरा त्यास कात्री लावून त्यावर ‘सावधान’ असे लाल अक्षरांत लिहितो. नुसते पुढे ढकलल्याने वाघाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते या सुधारणांनी, कारण दर सुधारणेत त्याची नवी नक्कल आटविली जाते. सातव्या-आठव्या सुधारणेअखेर पट्टे पुसट होतात, मिशा जातात, आणि नारिंगी रंगाचे एक संदिग्ध चतुष्पाद उरते. या टप्प्यावर तो वाघ बामणी फाट्यावर, विसापूरच्या रस्त्यावर आणि राजुऱ्याच्या पुलाजवळ एकाच सायंकाळी दिसल्याचे जाहीर होते. वनखाते वाघाची ओळख पट्ट्यांवरून पटविते. या वाघाला पट्टेच उरलेले नसल्यामुळे त्याचा रहिवास कोणालाही नाकारता येत नाही.

तथापि व्हॉट्सॲपच्या या कंजूषपणात एक पुण्यही आहे. भ्रमणध्वनीने काढलेल्या अस्सल चित्राच्या पोटात पुष्कळदा ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, आणि वाघाचा पत्ता ज्यांना हवा असतो त्यांपैकी सर्वच जण पर्यटक नसतात. नेहमीच्या पद्धतीने चित्र धाडले की ही नोंद गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडले की अक्षत पोहोचते. वाघाच्या बाबतीत मी फाटलेल्या चित्राच्या बाजूने आहे.

माणसाच्या बाबतीत मात्र फाटल्याचे परिणाम निराळे होतात. जो फोटो अर्जासाठी २०० बाय २३० ठिपक्यांचा करून घेतला, तोच पुढे वर्षभर तरुणाच्या संग्रही राहतो. अस्सल केंद्राच्या संगणकावर राहते आणि महिनाअखेर जागा करण्यासाठी पुसले जाते. मग एके दिवशी हा तरुण एखाद्या संघटनेचा तालुका उपाध्यक्ष होतो, त्याचा वाढदिवस येतो, आणि मित्रमंडळी बसस्थानकापाशी लावण्यासाठी दहा फूट रुंदीचा फ्लेक्स करावयास निघतात. दहा फुटांत दोनशे ठिपके पसरावयाचे म्हणजे दर ठिपका दीड सेंटिमीटरांचा चौकोन होतो. त्याने फरशी घालता येईल, चेहरा करता येत नाही. अशाच एका प्रसंगी फ्लेक्सवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले, “भाऊ, फोटो फाटते. दुसरा आहे का?”

“दुसरा नाही,” मित्रमंडळींतील वडीलधारा म्हणाला. “वरून गॉगल लावून दे जी. तोंड फाटलं तर फाटू दे, गॉगल दिसला पाहिजे.”

फ्लेक्स लागला. भाऊंच्या गालांचे चौकोन रस्त्याच्या पलीकडूनही मोजता येत होते, आणि मिशीबद्दल दोन मते होती. गॉगल मात्र अप्रतिम आला. सपाट काळ्या रंगाला पन्नास केबी रग्गड होतात.